उजवीकडची खिडकी

इटलीला जायला व्हिसा लागत नाही, असं बाईंना मीच सांगितलं. छातीठोकपणे सांगितलं. इथे युरो चालतो, खिशात आयर्लंडचं कार्ड आहे, म्हणजे अख्खा युरोप आपलाच, हे माझं शास्त्र. मी स्वतः तोवर ड्रोहेडाहून डब्लिनच्या पलीकडे गेलो नव्हतो, एवढं सांगायचं राहिलं.

बाई आमच्या शेजारच्या. त्यांचे यजमान माझ्याच औषधांच्या कारखान्यात, वयानं मोठे, म्हणून दादा. बाईंनी साताऱ्याच्या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवलेला. इथे त्यांच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे विद्यार्थी उरलो मी एकटा. अशा शिक्षिका तुम्हीही पाहिल्या असतील. शाळा सुटते, वर्ग सुटत नाही. मी कुठलंही गाव सांगितलं की त्या स्वयंपाकघरातल्या वाफ धरलेल्या काचेकडे बोट करायच्या. "असं नाही. नकाशात दाखव."

मला दाखवता यायचं नाही. मग त्याच बोटानं काचेवर नकाशा काढायच्या, आणि निघायची बहुतेक इटली.

"भूमध्य सागरी हवामान. उन्हाळे कोरडे, हिवाळे पावसाळी. लिंबू, द्राक्षं, ऑलिव्ह. बावीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं रे, आणि वाट्याला आलं काय, तर उन्हाळेही पावसाळी!" काचेपलीकडे मंदीत अर्धवट सोडलेली घरं भिजत उभी असायची.

मग बाईंचं दुखणं निघालं. औषधाच्या दोन फेऱ्यांमध्ये थोडे दिवस मोकळे होते. डॉक्टर म्हणाले, जायचं असेल तर आत्ता जा. त्या 'आत्ता'चा अर्थ आम्हा तिघांनाही कळला.

बाईंनी वहीत यादी केली. सोरेंतोहून अमाल्फीची बस, उजवीकडची खिडकी. पोझितानोच्या पायऱ्या, जमतील तेवढ्या. अमाल्फीला लिंबाचं सरबत. रावेल्लोच्या बागेतून खाली समुद्र. बाक असेल तर बरं. 'उजवीकडची खिडकी'खाली दोन रेघा.

मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट उलटसुलट पाहिले. "सॉरी लव्ह, व्हिसा कुठाय?" मी मधे पडून युरोचं शास्त्र सांगितलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे जास्त लागलं.

परतताना बाई मागच्या सीटवर, उन्हासाठी घेतलेली टोपी मांडीवर. म्हणाल्या, "अरे, मला तरी कुठे ठाऊक होतं? मी हवामान शिकवायचे, सीमा नाही." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

व्हिसाच्या अर्जाची तारीख महिन्यानंतरची मिळाली. तोवर बाईंना जिना उतरवेना. हॉस्पिटलात नर्सनं कशा आहात विचारलं की इथल्या लोकांसारखं म्हणायच्या, "ग्रँड." तिथल्या काचेवर वाफ धरत नव्हती. शेवटच्या आठवड्यात त्यांनी त्या काचेवर कोरडंच बोट फिरवलं. कुठला देश, हे मी विचारलं नाही.

वर्षभरानं दादांनी ती वही माझ्या हातात ठेवली. "मला जाववत नाही. तू बघून ये. मला सांग."

या वेळी व्हिसा काढला, दहादा तपासला. राहायला सालेर्नोत जागा मिळाली, म्हणून अमाल्फीची बस तिथूनच धरली. एका म्हाताऱ्याला कोपरानं हटवून उजवीकडची खिडकी पटकावली. तासाहून जास्त वेळ खडक पाहिला. खडक, जाळ्या, पुन्हा खडक. डावीकडचे लोक आ वासून फोटो काढत होते. मला वाटलं, पुढच्या वळणावर समुद्र माझ्या बाजूला येईल. अमाल्फीत सरबत प्यायलो. परतीच्या बसमध्ये उभा होतो, कुणाच्या तरी बगलेत.

दादा वाट बघतच होते. "कसा होता समुद्र?"

मी खरं ते सांगितलं.

"चढलास कुठून?"

"सालेर्नोहून."

दादा उठले. ओट्यापलीकडच्या काचेवर वाफ होती. तिच्यावर त्यांनी बोटानं एक आडवी रेघ ओढली, डाव्या टोकाला सोरेंतो, उजव्या टोकाला सालेर्नो, मधे अमाल्फी, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मग समुद्र डावीकडेच येणार, गाढवा. बावीस वर्षांत तिला तुझ्याइतका ढ भेटला नसेल."