कडकरावांची नवी टाकी

कडकरावांचं खरं नाव लॉन्ड्रीच्या पाटीवर होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. त्यांची इस्त्री, त्यांची कॉलर आणि त्यांचा स्वभाव पाहिला की गल्लीने ठेवलेलं नावच बरोबर वाटे. डाग हा त्यांचा जन्माचा वैरी. शाईचा असो, गंजाचा असो, ते हात धुऊन त्याच्या मागे लागत.

घरी मात्र बायको या पराक्रमाला भीक घालत नसे. खिडकीशी तिची माशांची लहानशी टाकी होती. काचेवर शेवाळ, फिल्टरमध्ये काळाकुट्ट स्पंज. ते पाहून कडकरावांचे हात शिवशिवत.

"अहो, लांबूनच बघा," ती म्हणे.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जाताना तिने बजावलं, "चिमूटभर खाणं टाका. बाकी कशालाही हात लावू नका. आणि म्हातारबाला जपा."

म्हातारबा म्हणजे सगळ्यात मोठा नारिंगी मासा. तिची चाहूल लागली की तो काचेशी येई. कडकराव आले की कोपरा गाठी.

ती घरी येणार ती पलंगाला खिळूनच. समोर भलीमोठी टाकी असली, मासे ऐसपैस फिरताना दिसले, तर तिचा दिवस सुखाने जाईल, असं कडकरावांच्या मनात आलं. हे तोंडाने सांगणं त्यांना सात जन्मांत जमलं नसतं, म्हणून ते सरळ टाकी घेऊन आले. प्रेमच होतं ते, दुसरं काय!

टाकी भरली. नळाच्या पाण्यात क्लोरीन मारणारं दुकानातलं औषध घातलं, आणि त्याच दुपारी मासे जाळीने अलगद नव्या घरात सोडले. आता जुना फिल्टर तेवढा लावायचा राहिला होता. कडकरावांनी तो काळा स्पंज हातात घेतला, आणि इतक्या वर्षांचं वैर उफाळून आलं. साबण माशांना बाधतो एवढं त्यांना कळत होतं. म्हणून कढत पाण्यात बुचकळून, पिळून, पुन्हा बुचकळून त्यांनी त्याचा मूळचा निळा रंग बाहेर काढला. जुन्या टाकीच्या तळाचे खडेही तसेच उकळून नव्या टाकीत घातले. टाकी आरशासारखी झाली. ते खुर्ची ओढून बराच वेळ तिच्यासमोर बसले.

पुढच्या काही दिवसांत पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंडं वासू लागले. एका सकाळी छोटा काळा मासा पोट वर करून तरंगताना दिसला, आणि म्हातारबा तळाशी अंग टाकून पडला होता. बायको परवा घरी येणार होती.

कडकराव तडक पाळीव माशांच्या दुकानात गेले. दुकानवाल्या बाईंनी सगळं ऐकून विचारलं, "काका, जुना स्पंज कुठाय?"

"तोच लावलाय. नव्यासारखा धुऊन!" त्यातही थोडा अभिमान होताच.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मासे घाण करतात, तिचं पाण्यात विष होतं. ते विष खाऊन टाकणारे जिवाणू त्या काळ्या स्पंजात राहतात. नव्या टाकीत ते वाढायला आठवडेच्या आठवडे लागतात. तुम्ही तर विरजणाचं भांडंच घासून टाकलंत, आता दही कसं लागणार?"

बाईंनी स्वतःच्या टाकीतला एक मळकट स्पंज पिशवीत घालून दिला. "हा तसाच लावा. रोज थोडं पाणी बदला. खाणं अगदी कमी. आणि काका, हात मागे बांधून ठेवा."

पिशवी गळकी निघाली. काळं पाणी पांढऱ्या शर्टावर ठिबकत होतं, आणि कडकराव ती छातीशी धरून भर रस्त्याने पळत होते. चहावाला कपात चहा ओतायचा थांबून बघत राहिला. घरी पोचताच त्यांनी स्पंज लावला, बादलीने पाणी बदललं, आणि म्हातारबाला म्हणाले, "माझं चुकलं बाबा. तिच्यासाठी तरी तग धर."

बायको वॉकर धरून आत आली. तिची नजर टाकीआधी नवऱ्याच्या पोटावर गेली. नुकतंच पाणी बदललं होतं, त्याचे शिंतोडे शर्टावर तसेच होते.

"तुमच्या शर्टावर डाग?" तिने वॉकर तिथेच थांबवला. "खरं सांगा, कोण गेलं?"

"छोटा काळा," ते म्हणाले. मग मान खाली घालून त्यांनी स्पंजापासून सगळं सांगितलं.

ती पलंगावर टेकली. त्या छोट्यासाठी तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसलेही नाहीत. तेवढ्यात तळाशी हालचाल झाली. म्हातारबा हळूहळू, वाकडातिकडा पोहत काचेशी आला.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," ती रडता रडता हसली. "आणि तेही माझ्या गुडघ्याला!"

कडकराव तिच्याशेजारी बसले. टाकी निरखत ती म्हणाली, "अहो, आतली काच बुळबुळीत व्हायला लागलीय बघा."

सवयीने त्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. घडी घातलेला रुमाल अर्धा बाहेरही आला. त्यांनी तो परत आत सरकवला.

"असू दे," ते म्हणाले.