हौशीराम सरांची टीम

आळेफाट्याच्या एका गॅरेजात हौशीराम ट्रकच्या क्लचप्लेटी बदलायचा. तिथे मालकाचा शब्द चालायचा, महाळुंगे पडवळला घरी आला की थोरल्या भावाचा, सोपानचा. आपलं ऐकणारं जगात कुणी असेल, असं त्याला चाळिशीपर्यंत वाटलं नव्हतं.

शाळेच्या मैदानात संध्याकाळी पोरी खो-खो खेळायच्या. सोपानची पोरगी आरोही त्यांत पुढं. खेळ कसला, नुसता धिंगाणा. बसलेली पोर खो मिळायच्या आधीच उठायची, एकीच्या अंगावर दुसरी पडायची, पोट धरून हसायच्या आणि डाव पुन्हा पहिल्यापासून. हौशीराम तरुणपणी बरा खेळायचा. तो कडेला उभा राहून शिकवू लागला. पोरींनाही ‘नाना’ आवडला.

मग त्यानं त्यांना घोडेगावला स्पर्धेला नेलं. समोरच्या संघानं एक डाव राखून धुतलं. हरल्यावर पोरी झाडाखाली भेळ खात बसल्या आणि चंद्रकला खांबाजवळ कशी आपटली याची नक्कल करून खिदळू लागल्या. सगळ्यांत जास्त हसत होती चंद्रकलाच. शेजारून एक जण म्हणाला, “काय राव, पोरी सहलीला आणल्यात का?”

हौशीरामला भेळ गेली नाही. परतताना जीपमध्ये तो म्हणाला, “उद्यापासनं नाना म्हणायचं न्हाई. सर म्हणायचं. आन् मैदानात जी हसंल, तिनं फेऱ्या मारायच्या.”

त्यावरही पोरी हसल्या. दुसऱ्या दिवशी चंद्रकला ओकेपर्यंत पळाली, तेव्हा हसू थांबलं.

पुढं त्यानं नवीनच रीत काढली. खेळ संपला की पोरींना ओळीत उभं करायचा आणि एकीला विचारायचा, “आज सगळ्यात कच्ची कोण?” तिनं नाव घ्यायचं. जिचं नाव येईल तिनं दुसऱ्या दिवशी मैदानाबाहेर बसायचं. नाव घेतलं नाही, तर स्वतः बसायचं.

एके दिवशी आरोहीची पाळी आली. चंद्रकला तिची जिवाभावाची मैत्रीण, दोघी एका बाकावर बसायच्या.

“चंद्रकला,” आरोही जमिनीकडं बघत म्हणाली.

चंद्रकला रडली नाही. चपला घालून घरी गेली, ती पुन्हा मैदानाकडं फिरकली नाही. वर्गातही तिनं बाक बदलला. “बरं झालं, वजाबाकी झाली,” हौशीराम म्हणाला.

संघ जिंकू लागला, हे मात्र खरं. तालुका मारला. ग्रामपंचायतीनं शाल-नारळ देऊन हौशीरामचा सत्कार केला. सोपानही आता, मळ्यात कांदा करावा का बटाटा, असं त्याला विचारू लागला. गॅरेजात तो शर्ट खोचून जायला लागला.

जिल्ह्याची फायनल जुन्नरला होती. आदल्या दिवशीच्या सामन्यात आरोहीचा पाय मुरगळला होता. सकाळी घोटा टम्म सुजलेला.

“सर, पाय टेकवत न्हाई.”

हौशीरामनं घोटा दाबून पाहिला. पोरीनं ओठ चावला. कुठल्या आवाजाला गाडी थांबवायची हे ज्याला बरोबर कळायचं, त्याला हा पाय पळवायचा नाही हेही कळलं. त्यानं पट्टी आवळून बांधली.

“चंद्रकलेचं नाव तूच घेतलं व्हतं ना?” तो हळू आवाजात म्हणाला. “आज तुझं घेऊ का?”

आरोहीनं बूट चढवला.

शेवटच्या डावात ती एकटी उरली. पाठलाग करणारी मागं, वेळ संपत आलेली. खांबाला वळसा घालताना अंग वळलं, पाय तिथंच राहिला. ती पडली तेवढ्यात शिट्टी झाली. वेळ संपली होती, संघ जिंकला होता. लोकांनी हौशीरामला खांद्यावर घेतलं. आरोही खांबापाशीच पडून आहे हे त्याला बऱ्याच वेळानं, वरूनच, दिसलं.

नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “हाड आधीच तडकलं होतं. त्यावर हिला पळवलं कुणी?”

संध्याकाळी हौशीराम ढाल घेऊन आला आणि पलंगावर ठेवली. आरोहीची आई साळुबाई उशाशी बसली होती.

“भावजी, पोरगी धड चालंल का?”

“चालंल की. पण वहिनी, ढाल बघा केवढी हाय.”

“सर,” आरोही म्हणाली, “ढाल पायावरनं उचला. दुखतंय.”

हाड वाकडं जुळलं. त्यानंतर मैदानावर कुणी आपली पोर पाठवेना. हौशीराम काही दिवस एकटाच जाऊन उभा राहायचा. हल्लीच्या पोरींत दम नाही, टीव्हीनं वाटोळं केलं, असं तो गॅरेजात सांगायचा.

आरोही पुढं नारायणगावात सुवालालशेठच्या कापडदुकानात कामाला लागली. एकदा लग्नाचा बस्ता घ्यायला हौशीराम पाहुण्यांना घेऊन तिथंच आला.

“पावणं, ही आमची आरोही. मीच घडवली,” तो म्हणाला. “जिल्ह्याला खेळली. लई चपळ व्हती. ऐन वेळी पायानं दगा दिला, न्हाईतर आज पोलिसात असती.”

पाहुणे तिच्या पायाकडं बघू लागले. शेठ म्हणाले, “आरोही, बस गं जरा.” ती बसली नाही. चांगल्या पायावर भार देऊन उभीच राहिली. हौशीराम सगळी फायनल पहिल्यापासून सांगत होता. सकाळच्या सुजलेल्या घोट्याचं तेवढं गाळून.

“हाय ना गं?” शेवटी त्यानं तिलाच विचारलं.

“हो सर,” ती म्हणाली आणि पुढची साडी उलगडली.