इटलीतल्या गावाचं भुयार

आज शेजारच्या इटालियन आजींकडून चेस्टनट भाजल्याचा वास आला आणि इथल्या आमच्या नेपरव्हिल गावच्या लायब्ररीतली ती दुपार आठवली. 'आपापलं गाव' सांगायच्या कार्यक्रमाला जमलेल्या लोकांच्या ओल्या जॅकेटांचा वास खोलीत होता. आजींचा घसा बसलेला, म्हणून डोंगरमाथ्यावरच्या त्यांच्या मध्ययुगीन गावाचा इतिहास मी वाचून दाखवत होतो. तटबंदी झाली, दिवेलागणीला बंद होणारा दरवाजा झाला, गावाला वेढा पडला, आणि पुढचं पानच सापडेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी गडकिल्ले पाहत वाढलेला माणूस; आवाज खाली आणला आणि गावातल्या बायकामुलांना सरळ भुयारातून बाहेर काढलं. टाळ्या पडल्या. "हे तर आपल्याकडच्या गाइडचं भुयार," बायको कानात म्हणाली. "प्रत्येक गडावर एक असतंच." तेवढ्यात आजींनी भरल्या डोळ्यांनी माझा हात धरला. "आईनं मला हे कधी सांगितलंच नाही," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "निघतं कुठे ते?" खरं सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं, "नदीकाठी." काल त्यांची नात टॉर्च घेऊन त्या गावी पोचली. सकाळपासून फोन वाजला की मी फावडं घेऊन बर्फ काढायला बाहेर पळतो. यंदा बर्फ अजून पडलेलाच नाही.