खुल्या जागेचा नारळ

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते माझ्या वहिनीचं. घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. पेरणीच्या दिवसांत बाबा मला वावरात थांबवू लागले, की ती म्हणायची, "त्यायच्या वाटचं मी करीन, जाऊ द्या त्यायले." आणि माझी मोताळ्याची एसटी चुकायची नाही.

मागच्या खेपेला सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि ती निवडून आली. सुरुवातीला खुर्चीवर दादाच बसायचा. आमच्याकडे रीतच तशी. वर्षभरानं ती त्याला म्हणाली, "तुम्ही गुरं पाहा, मी ग्रामपंचायत पाह्यतो." दादा हसला, पण उठला.

यंदा जागा खुली झाली. मोताळ्यात माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. त्या रविवारी मी गावी होतो. आळीतले आबा चार जणांना घेऊन नारळासह आले. आमच्याकडे ज्याच्या हाती नारळ, तो उमेदवार. आबांनी तो माझ्यासमोर धरला.

"शिकेल माणूस पाह्यजे, भाऊ."

"वहिनी आहे ना."

"तिचं राखीव होतं. झाले तिचे पाच वर्षं."

वहिनी चहा गाळत होती. "आबा, मले निरोप द्यायले आले का?"

सगळे हसले. ती हसली नाही. वरच्या वस्तीची पाइपलाइन अर्धी राहिली होती, आणि ती पुरी करायची तिच्या मनात होती. मी नारळ घेऊन तिच्यापुढे धरला.

"तुमच्यासाठी आणला, भाऊजी. मी कशी घेऊ?"

नारळ देवघरात राहिला. अर्जाची मुदत जवळ आली होती. घरचा फोन दादाच्या खिशात असतो, म्हणून मोताळ्याला परतल्यावर मी चिठ्ठी लिहून गावच्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिली:

"वहिनी, नमस्कार. मी उभा राहणार नाही, हे आबांना कळवलं. आधी रागावले, मग म्हणाले, 'ती हो म्हणत असंन तर आम्ही हाओ.' खुल्या जागेवर बाईला उभं राहता येतं. असे अर्ज मी स्वतः भरून दिलेत. हरलो तर हरू. पण तुम्हाला कोणी विचारलंच नाही, असं व्हायला नको, म्हणून मी विचारतो आहे. उभ्या राहाल का? हो असेल तर उद्या सकाळच्या गाडीनं या. आधार कार्ड आणि शौचालयाचा दाखला आणा. दादालाही आणा, सूचक म्हणून त्याचीच सही घेऊ. दुपारचं माझ्याकडेच जेवू. तुमचा लहान दीर."