मेहुण्याने सांगितलेली सात पुस्तकं

मुंबईला वैद्यकीय तपासणीत मी नापास झालो, ते डॉक्टरांना मला दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी कागदावर लिहून दिलं: उजवा कान गेलेला आहे, डावा निम्मा आहे, जहाजावर पाठवता येणार नाही.

चौदा वर्षं मी मालवाहू जहाजांवर मोटरमन होतो. इंजिनाला तेल घालायचं, पंप खोलून साफ करायचे, तापमानाच्या नोंदी घ्यायच्या, हे माझं काम. कानांवर झाकणं असायची, पण कुठला पंप कण्हतोय हे कळायला ती काढावी लागायची. तिथेच घात झाला.

रत्नागिरी जिल्ह्यात पावसजवळच्या आमच्या गावात परत आलो तेव्हा मी एकेचाळीस वर्षांचा होतो. शिक्षण बारावी आणि आयटीआय. बायको अंगणवाडीत सेविका, मुलगी दहावीला. पहिले पंधरा दिवस माणसं भेटायला आली. नंतर येईनाशी झाली, कारण माझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि आजारी माणसापाशी कुणाला ओरडायला आवडत नाही. मीही गावामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, एकटाच फिरत राहायचो. दिवसभर उजव्या कानात इंजिन चालू असल्यासारखा आवाज यायचा. तेवढाच एक आवाज मला नीट ऐकू यायचा.

बायकोचा धाकटा भाऊ पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने मोबाइलवर लिहून पाठवलं, "भावोजी, प्रोग्रामिंग शिका. घरी बसून काम करता येतं. कुणाशी बोलावं लागत नाही."

या शेवटच्या वाक्यावर मी भाळलो.

आधी त्याने व्हिडिओ पाठवले. मी मोबाइल डाव्या कानाला लावून बसायचो. शिकवणारा इंग्रजीतून भराभर बोलायचा आणि खालची अक्षरं त्याच्याही पुढे पळायची. मग रत्नागिरीत एका क्लासला नाव घातलं. पहिल्या बाकावर बसायचो. सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे. ओठ दिसले तरच मला थोडं कळतं, आणि मला दिसायची ती सरांची पाठ. आठव्या दिवशी एसटीतून उतरून घरी न जाता बराच वेळ स्टॉपवर बसून राहिलो. नवव्या दिवशी गेलो नाही.

"मग पुस्तकं वाचा," मेहुण्याने लिहिलं. त्याने सात पुस्तकांची यादी पाठवली, कुठलं आधी आणि कुठलं नंतर तेही लिहून. पहिली तीन त्यानेच पार्सलने धाडली. पुस्तकाला कान लागत नाहीत, हे सुचलं तेव्हा तपासणीनंतर पहिल्यांदाच माझ्या जिवाला जरा धीर आला.

जहाजावर मी पंपांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून पंप जोडलेले होते. त्यामुळे वाटलं, हे काय अवघड. पण पंपाच्या पुस्तकात लिहिलेली वस्तू समोर पडलेली असते, हात लावून बघता येते. इथे हात कशाला लावायचा? पहिल्याच प्रकरणात लेखक लिहितो की तुम्हाला आधी संगणकाची एखादी भाषा येत असेलच. मला एकही येत नव्हती. तरी मी सोडलं नाही. वही घेतली आणि प्रत्येक पान उतरवून काढायला लागलो. उतरवलेलं लॅपटॉपवर टाइप करायचं, ते चाललं की खूण करायची, पुढचं पान. चार महिन्यांत दोन पुस्तकं आणि पाच वह्या संपल्या. बायको शेजारणीला सांगायची, "ह्यांचा अभ्यास चाललाय." ते तिच्या ओठांवरून मला कळायचं. ती ते अभिमानाने सांगायची.

गणपतीला मेहुणा आला. आरती झाली, जेवणं झाली, पडवीत सगळे बसले होते. त्याने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला.

"भावोजी, सोपं काहीतरी करून दाखवा. दहा आकडे घ्यायचे आणि त्यातला सगळ्यात मोठा कुठला ते शोधायचं."

मी बोटं कळांवर ठेवली. काहीच येईना. हे मी वाचलेलं होतं, पान डाव्या बाजूचं होतं, वरून तिसऱ्या ओळीला सुरुवात होती, इतकं आठवत होतं. पण ओळ आठवेना. मेहुण्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही. तो वाकून माझ्या डाव्या कानाशी ओरडला, "सगळ्यात मोठा आकडा!"

पडवीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ऐकू आलं होतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच आलं होतं. पण तसं सांगितलं असतं तर येत नाही हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून मी बहिऱ्यासारखा त्याच्याकडे बघत राहिलो. बायको उठून आत गेली.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. मी जेवायचो, झोपायचो, आणि मुलगी समोर आली की खाली बघायचो. एका सकाळी तीनही पुस्तकं पिशवीत भरली आणि रत्नागिरीला एका वाचनालयात द्यायला गेलो. घरात ती डोळ्यांसमोर नको होती आणि रद्दीत घालवत नव्हती.

ग्रंथपाल बाई पन्नाशी ओलांडलेल्या. मी ऐकू येत नाही अशी खूण केल्यावर त्यांनी कागदाचा गठ्ठा पुढे ओढला, जसं काही रोजचंच आहे. पुस्तकं चाळायला लागल्या. पानापानावर माझ्या पेन्सिलीच्या खुणा. चाळता चाळता थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. मग लिहिलं, "प्रत्येक धड्याच्या शेवटची दोन-दोन पानं कोरी का?"

ती स्वाध्यायाची पानं होती. मी तोंडाने म्हणालो, "ते सोडवलं नाही. तपासणार कोण?"

त्यांनी लिहिलं, "मला यातलं काही कळत नाही. पण माझा मुलगा गणितात असाच नापास झाला होता. सोडवलेली उदाहरणं पाठ करायचा."

मग आत जाऊन त्या एक पातळ पुस्तक घेऊन आल्या. मराठीतलं, डिप्लोमाच्या मुलांसाठी कुणीतरी लिहिलेलं, पाठ फाटलेली आणि चिकटपट्टी लावलेली. त्यातली संगणकाची भाषाही वेगळी, मी शिकत होतो ती नव्हे, फार जुनी. मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. माझी पुस्तकंही परत पिशवीत कोंबली.

एसटीत ते उघडलं. दुसऱ्याच पानावर 'चल' हा शब्द होता. आठवीच्या बीजगणितातला चल. ज्याची किंमत बदलते तो. चार महिने ज्या 'व्हेरिएबल' या इंग्रजी शब्दाभोवती मी घिरट्या घालत होतो तो हा होता, आणि तो मला आठवीपासून येत होता. मी खिडकीकडे तोंड केलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि बाजूला ओळखीची बाई बसलेली होती.

या पुस्तकातलं मला उतरवता येईना, यातच माझं मोठं भलं झालं. भाषाच वेगळी, त्यामुळे तसंच्या तसं टाइप केलं तर चालायचं नाही. मराठीत समजून घ्यायचं, पुस्तक मिटायचं आणि मी शिकत होतो त्या भाषेत स्वतः लिहायचं. दिवसाला एक उदाहरण. कधी चार दिवसांना एक.

सगळ्यात मोठ्या आकड्याचं उदाहरण आलं तेव्हा सहा दिवस गेले. चाललं. मग मी त्यात जहाजावरच्या शीतगृहाची तापमानं घातली, उणे अठरा, उणे वीस, उणे पंचवीस, कारण मला पाठ होते ते आकडे तेच. उत्तर आलं शून्य. शून्य तर मी दिलेलंच नव्हतं! दोन दिवस डोकं धरून बसलो. मग कळलं की सुरुवातीला सगळ्यात मोठा म्हणून मीच शून्य धरलं होतं, आणि उणे आकडा शून्याहून मोठा कधीच होत नाही. पहिला दिलेला आकडाच मोठा धरून सुरुवात केली. उत्तर आलं, उणे अठरा.

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी बायकोला हाक मारली. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण ती माझ्याजवळ बसली.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण तसं झालं नाही. वर्षभर अभ्यास करून मी अकरा ठिकाणी अर्ज केले. दोघांनी लेखी परीक्षा घेतली, त्यातली एक मी पास झालो. पुढची पायरी व्हिडिओवरची मुलाखत. मी आधीच लिहून कळवलं की मला ऐकू कमी येतं, प्रश्न टाइप केलेत तर उत्तरं देईन. त्या दिवशी शर्टाला इस्त्री करून बसलो. पडद्यावर एक तरुण बाई आली आणि बोलायला लागली. मी पुन्हा टाइप करून विनंती केली. तिने काहीतरी म्हटलं, हसली, आणि पडदा काळा झाला. संध्याकाळी मेल आला, या कामाला संवादकौशल्य लागतं.

बायकोने मेल वाचला. मग माझ्याकडे वळून, ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली, "आपण चुकलो काय हो? उगाच तुम्हाला आशा लावली."

मी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला अडकवला.

सध्या मी आंब्याच्या कारखान्यात गोदाम सांभाळतो, हंगामापुरता. डावा कान आणखी उतरलाय. यादीतलं चौथं पुस्तक झालं, पाचवं चालू आहे. फार अवघड आहे ते, एकेका स्वाध्यायाला आठवडा लागतो. परवा मुलीने वहीवर लिहून विचारलं, "बाबा, नोकरी नाही मिळाली तरी वाचणार?"

मी लिहिलं, "निम्मं झालंय."

तिने ते वाचलं आणि दिवा माझ्या बाजूला सरकवून स्वतःचं दप्तर उघडलं.