पास झालेली पावडर

माझी बायको गेली तेव्हा तिच्या हातचं खायचं म्हणून घरात एकच वस्तू राहिली, कैरीच्या लोणच्याची बरणी. बाकी हळूहळू सरलं. तिनं कुटलेलं तिखट सरलं, मुगाच्या वड्या सरल्या. लुगडी सून घेऊन गेली, ते बरंच झालं, मले ती पाहवत नव्हती. बरणीले मात्र मी कोणाले हात लावू दिला नाही.

दवाखान्यात शेवटी ती काहीबाही बोलून राहिली होती. किडनी गेली की डोकंही ठिकाणावर राहत नाही, असं डॉक्टर म्हणे. त्यातलं समजण्यासारखं शेवटचं बोलणं एवढंच, "अहो, बरणी खिडकीतून काढली का? ऊन लागन तिले." मी म्हटलं, काढली. खरं तर काढली नव्हती. घरी येऊन काढली तोवर हिचं सगळं आटोपलं होतं.

मुलगा हैदराबादले कंपनीत आहे. मराठी समजते त्याले, उत्तर हिंदीत देते. इथं हिंदी मुलखात वाढलेली सगळीच पोट्टी तशी. तेरवी झाल्यावर निघताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "बाबा, वो अचार रहने देना. बरसी में आऊंगा तब खाऊंगा. अभी गले से नहीं उतरेगा." आईच्या मागं त्यानं घर मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. वर्षश्राद्धापर्यंत ती बरणी राखायची, एवढं एक काम माझ्या अंगावर टाकून तो गेला. मले दुसरं काम नव्हतंच. सकाळी उठायचं काहून, हे मले रोज कळत नव्हतं. बरणीकडं पाहिलं की उठायचो.

राखायची म्हणून मी काय केलं, तर फोडी सोडून वरचा खार खाल्ला. दोन्ही वेळचा भात त्या तेलात कालवून खाल्ला. भाजी करता येत नाही मले, आणि केली तरी घशाखाली जात नाही. फोड एकही काढली नाही, त्या पोट्ट्याच्या म्हणून ठेवल्या. तेल खाली खाली जात गेलं आणि फोडी वर उघड्या पडत गेल्या. हे मले दिसलं नाही. मी आपला खुश, की किती जपून राहिलो.

श्रावण लागला, वर्षश्राद्ध महिन्यावर आलं, आणि एक दिवस झाकण काढलं तर वरच्या फोडीवर पांढरं धरलेलं. कापसाच्या वातीसारखं, मऊ. मी तिथंच ओट्याजवळ खाली बसलो. हिले ताप चढला ती पहिली रात्र आठवली. तेव्हाही असंच वाटलं होतं, की आता हे आपल्या हातून थांबणार नाही.

शेजारच्या दीदीले दाखवलं. आमच्या पुरानी बस्तीतली जुनी बाई आहे, तोंडाची फटकळ, हिची मैत्रीण, मले कका म्हणते. तिनं बरणीत डोकावून पाहिलं.

"ऊपर का निकालो, कका. तेल गरम करो, ठंडा होने दो, फिर डाल दो. फोड़ी डूबनी चाहिए, बस."

"बाजारचं तेल ओतू? मग तिचं काय राहिलं त्यात?"

"हव, तो मत डालो," ती म्हणे. "फफूंद को खिलाओ काकी का अचार."

बुरशीले खाऊ घाला म्हणे! मी ऐकलं नाही. मले वाटलं, ह्या बायांले काय समजते. मी जन्म काढला भनपुरीच्या औषधी सिरपच्या कारखान्यात. शाळा सातवीत सुटली, पण काम लॅबमधलं होतं, हेल्परचं. सिरपले बुरशी लागू नये म्हणून त्यात पॅराबेन नावाची पांढरी पावडर जाते. त्या पावडरीचे ड्रम येत. मी लांब सळईनं वरून, मधातून, तळातून थोडी थोडी काढायचो आणि बाटलीत भरून लॅबमध्ये द्यायचो. लॅब पास म्हणेपर्यंत त्या ड्रमले कोणी हात लावत नसे, मालकही नाही. साखरेच्या पाकाले वर्ष वर्ष बुरशी लागू देत नाही ती पावडर. एका बरणीचं तिले काय जड.

तात्यापाऱ्याकडं एक केमिकलवाला आहे, त्याच्याकडून पुडी आणली. सुटी पावडर, वर ना नाव ना छाप. "एकदम प्योर है अंकल," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर माझा विश्वास नव्हता. हिच्या लोणच्यात मी काहीही कसं टाकणार? पुडी घेऊन सरळ भनपुरीले गेलो. गेटवरच्या चौकीदारानं ओळखलं, आत सोडलं.

लॅबमध्ये आता एक मॅडम आहे. मी निवृत्त झालो तेव्हा नवीन लागली होती. तिची माणसं अमरावतीकडची, पण ती इथंच वाढली. जेवणाची सुट्टी होती. डबा खाता खाता तिनं पुडी हुंगली.

"किसके लिए चाहिए, काका?"

मी सांगितलं. ती चावायची थांबली.

"अचार में? काका, तेल डालो ना."

"तू टेस्ट कर," म्हटलं. "लोणचं कसं टिकवायचं ते मले नको सांगू. तुले तरी येते का घालायले?"

"मुझे तो मैगी भी नहीं आती," ती हसली आणि डबा बाजूले सारून उठली.

सगळ्या टेस्ट तिनं केल्या नाहीत. बाहेरच्या पुडीसाठी मोठी मशीन चालू करता येत नव्हती, ते मलेही माहीत आहे. जमलं तेवढं केलं. चिमूटभर स्पिरिटमध्ये विरघळवून उजेडाकडं धरलं, पाण्यासारखं निवळ आलं. थेंब टाकून आम्लपणा पाहिला. मग सुईएवढ्या काचेच्या नळीत पावडर ठोकून भरली आणि तापवायच्या यंत्रात लावली. ह्यात खरी परीक्षा असते. पावडर अस्सल असली तर ती ठरल्या आचेपर्यंत ढिम्म बसून राहते. मग तिले घाम आल्यासारखं होते, आणि एका दमात तिचं पाणी होते. भेसळ असली तर ती आधीच मऊ पडते, चिकटते, रेंगाळते. भिंगातून ती पाहून राहिली होती, मी तिच्या मागं उभा. हिच्या ऑपरेशनच्या वेळी दाराबाहेर असाच उभा होतो.

"ठीक है," ती म्हणाली. "मिथाइल पैराबेन ही है. जितना मैंने देखा, उसमें पास."

मले रडू आलं. तिनं खुर्ची पुढं केली. पुडी परत देताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "काका, टेस्ट पावडर का किया है. अचार का नहीं किया."

मी पास एवढंच ऐकलं. बाकीचं बसमध्ये बसेपर्यंत विसरलो.

घरी आलो. बुरशीच्या फोडी काढून टाकल्या. ही पावडर थंड पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते. कारखान्यात आधी पाणी उकळत, त्यात पॅराबेन टाकून ढवळत, पूर्ण विरघळलं की मगच पुढचं काम. मी वर्षानुवर्षं हेच पाहिलेलं. तसंच केलं. हिच्या चहाच्या गंज-पातेल्यात पाणी उकळलं, पावडर टाकली, कमी पडायले नको म्हणून अजून टाकली. निवळ झालं तसं ते गरम पाणी लोणच्यात ओतलं आणि लाकडाच्या चमच्यानं खालवर केलं. मनातल्या मनात हिले म्हटलं, घे, आता काही होत नाही तुझ्या बरणीले.

लोणच्यात पाणी ओतलं मी. जिनं ओला चमचा बरणीत गेला तर मले जेवणावरून उठवलं असतं, तिच्या लोणच्यात. ओतताना एकदाही डोक्यात आलं नाही. हात कारखान्याच्या सवयीनं चालून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी दीदी डोकावली. वास घेतला, बोट लावून पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"पानी डाले हो क्या, कका?"

मी झाकण लावून बरणी मागं सारली. फटकळ बाई, पण पदर तोंडाले लावून निघून गेली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

चार-पाच दिवसांत बरणीले फेस आला. आंबूस वास सुटला. तेल वेगळं, पाणी वेगळं, आणि मधात पांढरं पांढरं चमकून राहिलं होतं. मी एक फोड जिभेवर ठेवली. आधी झोंबलं. मग जीभच गेली, सुन्न, दात काढायच्या सुईनं होते तशी. आंबट नाही, खारट नाही, मोहरी नाही. कितीतरी वेळ चघळली. तोंडात फोड होती, आणि ती कशाची आहे ते मले सांगता येत नव्हतं.

तरी एक आशा होती. पावडर जास्त झाली तर थंड झाल्यावर तिच्या सुया बनतात. चमकून राहिलं ते पावडरच असन, बुरशी नसन, तर सुया वेचता येतील. बरणी पिशवीत घालून परत भनपुरीले गेलो. मॅडमनं थेंबभर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. बराच वेळ पाहिलं. मग मले म्हणाली, "आप भी देखो."

मी डोळा लावला. काचेसारख्या लांब लांब सुया होत्या, स्वच्छ. आणि त्यांच्यामधून धागे गेले होते, टोकाले मणी लागलेले.

"दोनों है, काका. ये पावडर तेल में चला जाता है. फफूंद पानी में बैठती है. वहां उसको रोकने लायक बचा नहीं."

"धुऊन घेतलं तर? तेल टाकून?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"वर्षश्राद्ध आहे," मी म्हटलं. "पोट्टा येऊन राहिला."

ती काचपट्टी धुवायले नळाकडं गेली. ते काम हेल्परचं असते. ती माझ्याकडं पाठ करून धूत राहिली, मग बरणीचं झाकण लावून माझ्या पिशवीत ठेवलं. "खाना मत, काका," एवढंच म्हणाली.

त्या रात्री मुलाचा फोन आला. गाडीचं तिकीट झालं, सुट्टी मिळाली, हे सांगितलं. मग विचारलं, "बाबा, अचार है ना?"

आहे म्हणणार होतो. बाजारचं आणून बरणीत भरायचं, हेही दिवसभर डोक्यात फिरून गेलं होतं. पण पोट्टा तिच्या हातचं खाऊन वाढलेला, पहिल्याच घासाले ओळखन. सांगून टाकलं. बुरशी आली, पावडर आणली, टेस्ट करून आणली, पास झाली, आणि मी पाण्यातून टाकली.

तिकडं टीव्ही चालू होता, तो त्यानं बंद केला.

"पानी से?" तो म्हणाला. "बाबा, अचार में पानी कौन डालता है?"

"मी."

मग तो हसला. हसता हसता त्याचा आवाज फाटला. "आई होती तो मारती आपको."

"येऊ दे ना," म्हटलं. "येऊ दे तिले. येऊन मारू दे."

त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. बरणी समोर होती, तिच्यातून बुडबुडे वर येऊन राहिले होते.