पत्र्याच्या घरांचं खरं माप

गेल्या वर्षीच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावातल्या चाळीस पत्र्याच्या घरांना आणि अंगणवाडीला वरून चुना मारण्यासाठी ७२,००० रुपये मंजूर झाले. सभेला सरपंचताई होत्या, ग्रामसेवक होते, पाच सदस्य होते, ज्यांना काम द्यायचं ठरलं ते जळकोटचे रंगारी चाचा होते आणि अंदाजपत्रक मी केलं होतं म्हणून मी होतो. मी गावच्या विकास सोसायटीत सचिव आहे. आकडे माझ्याकडे येतात, त्यात नवल नाही.

कल्पना सरपंचताईंची. आदल्या उन्हाळ्यात अंगणवाडीतली तीन लेकरं दुपारी उलट्या करून घरी गेली आणि तेव्हापासून अकरालाच कुलूप लागायला लागलं. ताई लातूरला प्रशिक्षणाला गेल्या होत्या. तिथे त्यांनी ऐकलं की वाढत्या उन्हावर छत पांढरं करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. ग्रामपंचायतीच्या पर्यावरणाच्या निधीतून ते बसतं, असं ग्रामसेवकांनी कागद पाहून सांगितलं.

मी घरपट्टीचं रजिस्टर काढलं. त्यात प्रत्येक घराचं क्षेत्रफळ असतं. एक्केचाळीस आकड्यांची बेरीज १२,००० चौरस फूट झाली. चाचांचा दर फुटाला सहा रुपये. चुना, डिंक, मीठ आणि दोन हात, सगळं धरून. बारा हजार गुणिले सहा. मी ती बेरीज तीनदा तपासली. घरं एकदाही पाहिली नाहीत.

चाचांच्या घरात आजोबांपासून चुन्याचं काम. तेव्हा ते भिंतींना चुना द्यायचे. आता भिंतींना सगळे डब्यातला रंग लावतात, त्यामुळे पत्र्याचं काम मिळालं म्हणून चाचा खूश होते. सोबत चाची. त्या ड्रममध्ये चुना भिजवायच्या, गाळायच्या, बादल्या दोरीला बांधून द्यायच्या. मार्च उजाडला होता, पत्र्यांवर बायकांच्या कुरडया आणि सांडगे वाळत होते. चाचा खालूनच हाक मारायचे, "बहेन, तुमच्या कुरडया उतरवा, न्हाईतर त्याबी पांढऱ्या होतील." आणि बाया म्हणायच्या, "पांढऱ्याच हायेत, चाचा. तुम्ही दुपारून या." त्यामुळे कामाचा क्रम रोज बदलायचा. गावात चेष्टाही चालायची की चाचा सगळ्या गावाला चुना लावून राहिले.

बत्तिसावं घर झालं आणि चुना संपला. चाचा सोसायटीच्या दारात येऊन उभे राहिले.

"सचिवसाब, बारा हजार फुटाला लागतो तेवढा माल आणला होता. अजून नऊ छतं बाकी हायेत."

मी म्हणालो, "हात जाड पडला असेल."

"तीस वर्षं हात मारून राहिलो," ते म्हणाले. "पाणी वाढवून पुरवला असता. पण एका पावसात धुऊन जाईल."

तेव्हाही मला वाटलं की चूक त्यांची आहे. पण ऊन वाढत चाललं होतं आणि काम अर्धवट ठेवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "माल घेऊन या, काम थांबवू नका. जास्तीचं बघू आपण." उदगीरच्या दुकानातून त्यांनी उधारीवर माल आणला आणि पाच दिवसांत काम पुरं केलं.

मग आम्ही दोघांनी टेप लावला. दोन दिवस लागले. पहिल्याच घराला कळलं. रजिस्टरमध्ये २४० फूट, छत ३३५ फूट. पुढे काढलेली ओसरी नोंदलेली नव्हती, मागची म्हशीची पडवीही नव्हती. दुसऱ्या घराला न्हाणी. तिसऱ्याला पोराच्या लग्नात वाढवलेली खोली. आमच्याकडे घर वाढतं, रजिस्टर वाढत नाही. घरपट्टी वाढू नये म्हणून कुणीच सांगत नाही, आणि ग्रामपंचायतही विचारत नाही. मी याच गावात जन्मलो आणि तरी त्या रजिस्टरवर विश्वास ठेवून अंदाजपत्रक केलं.

सतराव्या क्रमांकाला माझं घर आलं. चाचांनी टेपचं टोक धरलं, मी आकडा वाचला. ४०४. रजिस्टरमध्ये ३१०. मुलीच्या लग्नाच्या वर्षी मागे स्वयंपाकघर काढलं होतं. ते तात्पुरतं आहे, असं मी आठ वर्षं स्वतःला सांगत होतो. चाचांनी टेप गुंडाळला. मी आकडा लिहिला आणि शेजारच्या घराकडे वळलो.

एकूण छत भरलं १५,३४० फूट. तेहतीस घरांत मिळून ३,३४० फूट जास्त. सहाच्या दराने २०,०४० रुपये.

ग्रामसेवकांनी कागद शांतपणे पाहिले. "बिल रजिस्टरमधल्या क्षेत्राचं निघतं. जास्तीचं काढायचं तर आधी ते क्षेत्र रजिस्टरला चढलं पाहिजे. घरमालकाची सही लागेल. आणि एकदा चढलं की घरपट्टी वाढेल."

"आणि ७२,००० तरी आत्ता देता येतील?"

"येतील. पण काम पूर्ण, बाकी काही येणं नाही, असं चाचांना लिहून द्यावं लागेल."

चाचांची मुलगी नांदेडला नर्सिंग शिकते. तिच्या दुसऱ्या वर्षाची फी जूनच्या मध्यापर्यंत भरायची होती. उधारीचा दुकानदारही फोन करत होता. ७२,००० घेऊन सही केली असती तर त्यांचं दुकानाचं भागलं असतं आणि फीचं अडलं असतं. त्यांनी मला विचारलं, "काय करू? तुम्ही म्हणाल तसं." मी त्यांना थांबायला सांगितलं. ते सांगणं सोपं होतं, कारण थांबणार ते होते.

सरपंचताईंनी तेहतीस अर्ज छापून दिले. ते घेऊन मी घरोघर निघालो. पहिल्या दिवशी सहा घरं केली आणि एकही सही मिळाली नाही. एका मावशीने सरळ विचारलं, "चुना सरकारनं लावला आन् पट्टी आम्ही भरायची? मंग कामून लावला?" मी म्हणालो की चाचांची मजुरी अडकली आहे. त्या म्हणाल्या, "मंग द्या की त्यायला. आम्ही कुठं नको म्हणून राहिलो?"

सातवं घर आबांचं. आबा पंचाहत्तरीचे आहेत, बारा एकर जमीन अजून स्वतः बघतात, आणि सोसायटीच्या प्रत्येक सभेत मला काहीतरी विचारल्याशिवाय घरी जात नाहीत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातला गठ्ठा घेतला आणि अंगठ्याला थुंकी लावून एकेक अर्ज उलटत बसले.

"तुझा कुठाय?"

माझा सगळ्यात खाली होता. कोरा.

"सोसायटीत आमच्या नावावरचा पैसान् पैसा मोजतो तू," आबा म्हणाले. "आन् तुझं सैपाकघर वहीत न्हाई?"

"नाही, आबा."

"किती फूट हाय?"

"चौऱ्याण्णव."

"मपल्याकडं साठच हाय. आधी तुझं चढव, मंग ये."

मी घरी आलो. बायको भाकरी थापत होती. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "दोन दिवस टेप घेऊन फिरले, तेव्हाच म्हणलं, हे आपलं सगळ्यात शेवटी करतेत." एवढं बोलून तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली. त्या स्वयंपाकघरात आदल्या वर्षी दुपारी उभं राहवत नव्हतं. चुना मारल्यावर माझ्या थर्मामीटरमध्ये चार अंशांचा फरक दिसत होता. ते चार अंश मी घेतले होते आणि त्याचे पैसे चाचांनी उधारीवर भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रामपंचायतीत जाऊन माझा अर्ज भरला. वर्षाला २१२ रुपये घरपट्टी वाढणार होती. ग्रामसेवकांनी शिक्का मारला. त्या अर्जाची प्रत वर ठेवून मी परत आबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून शिक्का पाहिला, सही केली आणि म्हणाले, "चल, मीबी येतो. तुला कुणी च्या तरी पाजंल."

पुढचे दहा दिवस आम्ही दोघे सकाळचं ऊन चढायच्या आत फिरलो. आबा ओट्यावर बसायचे आणि घरमालकाला सांगायचे, "याचं बी चढलंय, मपलं बी चढलंय. आता तुझी म्हैस फुकट सावलीत कामून बसंल?" काही जण हसून सही करायचे. काही आबांच्या भिडेने करायचे. काहींनी दारच उघडलं नाही. सरपंचताईंचं स्वतःचं घर स्लॅबचं, त्यामुळे त्यांना कुणी काही बोलू शकत नव्हतं आणि त्यांचं कुणी ऐकतही नव्हतं.

तेहतिसांपैकी चोवीस सह्या मिळाल्या. २,४१० फूट. मे महिन्याच्या मासिक सभेत १४,४६० रुपयांना वाढीव मंजुरी झाली. नऊ घरांचे ९३० फूट राहिले, म्हणजे ५,५८० रुपये. त्या नऊ घरांत कोण आहे ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी मला काही वचन दिलं नव्हतं.

वचन मी दिलं होतं. धनादेश निघायच्या दिवशी मी ५,५८० रुपये पाकिटात घालून नेले. चाचांनी पाकीट उघडलं, मोजलं आणि विचारलं, "हे पंचायतीचे?"

"माझे. अंदाज माझा चुकला."

"मीबी टेप न लावता काम धरलं," ते म्हणाले. "रजिस्टर बघून धरलं. मंग माझाबी चुकला की." त्यांनी बोटांवर हिशेब केला. फुटाला अडीच रुपये माल, साडेतीन रुपये मजुरी. "मालाचे घेतो, ते दुकानदाराचे हायेत. मजुरी मी सोडली." मी दोनदा आग्रह केला. चाची म्हणाल्या, "भाऊ, आता ठेवा." मी उरलेले परत घेतले.

ग्रामपंचायतीने चाचांना ८६,४६० रुपयांच्या बिलापोटी एक टक्का कर कापून ८५,५९५ रुपयांचा धनादेश दिला, ५ जूनला. ९३० फुटांच्या मालाचे २,३२५ रुपये मी त्यांना रोख दिले. मजुरीचे ३,२५५ रुपये त्यांना कुणीच दिले नाहीत.